आंद्रे-लुई शोलेस्की

आंद्रे-लुई शोलेस्की (१५ ऑक्टोबर, इ.स. १८७५: मॉंगियॉं, फ्रान्स - ३१ ऑगस्ट, इ.स. १९१८: बान्यो, फ्रान्स) हे फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी, भूमापक आणि गणितज्ञ होते. आव्यूहाचे, म्हणजेच मॅट्रिक्सचे, एका त्रिकोणी आव्यूहात आणि त्याच्याच परिवर्तात अवयव पाडण्याची जी रीत आज संख्यात्मक रैखिक बीजगणितात सर्वत्र वापरली जाते, ती त्यांच्या नावाने शोलेस्की विघटन म्हणून ओळखली जाते. इंग्रजी वळणाच्या उच्चारामुळे भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे नाव चोलेस्की असेही उच्चारले जाते. शोलेस्की यांनी ही रीत जमिनीच्या मोजणीतील आकडेमोड सोपी करण्यासाठी तयार केली होती. हयातीत त्यांनी ती कोठेही प्रसिद्ध केली नाही. पहिल्या महायुद्धात त्यांचा मृत्यू झाल्यावर सहा वर्षांनी त्यांच्या एका सहकाऱ्याने ती छापून आणली.

बालपण आणि शिक्षण

शोलेस्की यांचा जन्म नैऋत्य फ्रान्समधील मॉंगियॉं या लहानशा गावी झाला. हे गाव आजच्या शारांत-मारितीम विभागात मोडते. आडनावावरून ते पोलिश किंवा रशियन असावेत असा समज अनेकदा आढळतो. त्यांचे घराणे मूळचे पोलिश वंशाचे असल्याचे मानले जाते. मात्र त्यांचा स्वतःचा जन्म, शिक्षण आणि सेवा हे सर्व फ्रेंचच होते. शालेय शिक्षण सॅं-जॉं-दांजेली येथे आणि त्यानंतरचे बोर्दो येथे पूर्ण करून त्यांनी ऑक्टोबर १८९५ मध्ये पॅरिसच्या एकोल पोलितेक्निक या संस्थेत प्रवेश मिळवला.

एकोल पोलितेक्निक ही लष्करी शिस्तीची संस्था असली, तरी तेथील गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे अध्यापन अत्यंत उच्च दर्जाचे होते. शोलेस्की विद्यार्थी असताना गणितीय विश्लेषणाचे अध्यापन कामीय जॉर्दां यांच्याकडे, तर भौतिकशास्त्राचे ऑंरी बेकरेल यांच्याकडे होते. आव्यूहांचे जॉर्दां रूप या नावाने जे प्रमाण रूप प्रसिद्ध आहे ते याच जॉर्दां यांचे. बेकरेल यांनी किरणोत्साराचा शोध लावला तो १८९६ मध्ये, म्हणजे शोलेस्की तेथे शिकत असतानाच. पुढील दोन वर्षे त्यांनी फॉंतेनब्लो येथील तोफखाना व अभियांत्रिकी प्रशिक्षण शाळेत काढली आणि त्यानंतर ते तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये रुजू झाले.

लष्करी सेवा आणि भूमापन

१९०२ ते १९०४ या काळात शोलेस्की यांना ट्युनिसिया आणि अल्जीरिया येथे कामगिरीवर पाठवण्यात आले. जून १९०५ मध्ये त्यांची नेमणूक लष्कराच्या भौगोलिक सेवेतील भूगणित विभागात झाली. पॅरिसच्या मध्यान्हरेषेची फेरमोजणी त्या सुमारास पूर्ण होत आली होती आणि तिच्या आधारावर संपूर्ण फ्रान्सचे नवे त्रिकोणीकरण करण्याचे काम हाती घेतले जात होते. त्यांची पद्धत ज्या अडचणीतून जन्मली, ती अडचण याच कामातली होती.

मे १९०७ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते क्रीट बेटावर गेले. हे बेट तेव्हा युरोपीय सत्तांच्या आंतरराष्ट्रीय सैन्याच्या ताब्यात होते. तेथील फ्रेंच आणि ब्रिटिश विभागांचे त्रिकोणीकरण शोलेस्की यांनी जून १९०८ पर्यंत केले. डोंगराळ बेटावर हिवाळ्याच्या महिन्यांत केलेले हे काम त्यांच्या चिकाटीची साक्ष मानले जाते. मार्च १९०९ मध्ये ते कॅप्टन झाले. त्यानंतर नियमानुसार दोन वर्षे त्यांना भूमापन सोडून प्रत्यक्ष तोफखान्यात एका बॅटरीचे नेतृत्व करावे लागले. त्यांच्या गणिती पद्धतीचे हस्तलिखित याच दोन वर्षांतले आहे.

१९११ मध्ये भौगोलिक सेवेत परतल्यावर त्यांच्याकडे अल्जीरिया आणि ट्युनिसियातील उंचीच्या मोजणीचे, म्हणजे लेव्हलिंगचे, काम आले. लांब पल्ल्याच्या लेव्हलिंगमध्ये लहानसहान चुका साठत जातात. त्या वेळीच उघड व्हाव्यात म्हणून त्यांनी एकाच वाटचालीत दोन समांतर मोजण्या घेण्याची रीत बसवली. फ्रेंच भूमापनात ही दुहेरी मोजणीची रीतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मे १९१३ मध्ये ते ट्युनिसियातील भूमापन सेवेचे प्रमुख झाले आणि महायुद्ध सुरू होईपर्यंत त्या पदावर राहिले.

अध्यापन

१९०९ च्या अखेरीपासून १९१४ च्या प्रारंभापर्यंत शोलेस्की लष्करी नोकरी सांभाळून पॅरिसच्या सार्वजनिक बांधकाम विशेष विद्यालयासाठी टपालाद्वारे शिकवत असत. लेऑं एरोल यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत भूमापक आणि बांधकाम पर्यवेक्षक घडवले जात. तेथील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी भूमापनाचे अभ्याससाहित्य लिहिले. प्लेन टेबलच्या साहाय्याने करावयाच्या मोजणीवरील त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतरही पुन्हा पुन्हा छापले गेले. आलेखांच्या आधारे आकडेमोड करण्याच्या तंत्रावरही त्यांनी एक विस्तृत हस्तलिखित तयार केले होते. हिशेब करणाऱ्या माणसाचे श्रम आणि चुका कशा कमी करता येतील हा विचार त्यांच्या सर्व लेखनात दिसतो.

मोजणीतील मूळ प्रश्न

त्रिकोणीकरणात डोंगरमाथे, मनोरे अशा खुणांमधील कोन मोजले जातात. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज पृथ्वीच्या गोलाईची दुरुस्ती धरून ठरावीक यायला हवी. एकाच बिंदूभोवतीच्या सर्व कोनांची बेरीज ३६० अंश व्हायला हवी. आणि एखादी बाजू दोन वेगळ्या मार्गांनी काढली तर उत्तर एकच यायला हवे. प्रत्यक्षात प्रत्येक मापनात थोडी चूक असते, त्यामुळे या अटी तंतोतंत पाळल्या जात नाहीत. म्हणून प्रत्येक कोनात अल्पशी दुरुस्ती करावी लागते. दुरुस्त्यांची संख्या अटींच्या संख्येपेक्षा जास्त असल्याने उत्तरे अनंत निघतात. त्यांपैकी ज्या उत्तरात दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी असते ते निवडायचे, ही लघुतम वर्ग रीत. लजांद्र आणि गाउस यांच्या काळापासून ती रूढ होती.

या रीतीतून शेवटी जितक्या अटी तितक्या समीकरणांचा एक संच मिळतो. त्याला सामान्य समीकरणे म्हणतात. या संचाचा आव्यूह सममित असतो, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंची पदे सारखी असतात, आणि तो धन-निश्चितही असतो. मोठ्या जाळ्यात अशी समीकरणे डझनांनी येत. ती गाउस यांच्या निरसन पद्धतीने सोडवताना प्रत्येक टप्प्यावरील संख्या कागदावर उतरवावी लागे. ती उतरवताना झालेली एक चूक किंवा वेळेआधी तोडलेले दशांश पुढच्या सगळ्या उत्तरांत पसरत.

शोलेस्की यांची पद्धत

सममित आव्यूहाचे थेट दोन अवयव पाडावेत, ही शोलेस्की यांची मुख्य कल्पना होती. पहिला अवयव खालचा त्रिकोणी आव्यूह, ज्याची कर्णाच्या वरची सर्व पदे शून्य. आणि दुसरा त्याचाच परिवर्त, म्हणजे पहिल्याच्या ओळींचे स्तंभ करून मिळणारा वरचा त्रिकोणी आव्यूह. मूळ आव्यूहाला अ आणि त्रिकोणी आव्यूहाला ल म्हटले, तर अ हा ल आणि ल च्या परिवर्ताचा गुणाकार असतो. संख्येचे वर्गमूळ काढावे त्याच धर्तीवर हे आव्यूहाचे वर्गमूळ काढणे असल्याने या रीतीला वर्गमूळ पद्धत असेही म्हणतात.

उदाहरणार्थ, ४क्ष + २य = १० आणि २क्ष + १०य = १४ ही दोन समीकरणे घेऊ. आव्यूहाच्या ओळी (४, २) आणि (२, १०) अशा आहेत. त्रिकोणी आव्यूहाचे पहिले कर्णपद √४ = २. त्याच्या खालचे पद २ ÷ २ = १. दुसरे कर्णपद √(१० − १²) = ३. म्हणजे ल च्या ओळी (२, ०) आणि (१, ३) झाल्या. आता प्रथम २प = १० आणि प + ३फ = १४ ही समीकरणे वरून खाली सोडवली की प = ५, फ = ३ मिळतात. मग ३य = ३ आणि २क्ष + य = ५ ही खालून वर सोडवली की य = १, क्ष = २ हे उत्तर येते. अज्ञात राशी कितीही असल्या तरी कृती हीच राहते.

या रीतीचे फायदे तिहेरी होते. सममितीमुळे अर्ध्या आव्यूहाचीच नोंद पुरते. १० अज्ञातांसाठी १०० ऐवजी ५५ संख्या लिहाव्या लागतात. दुसरे, ल चे प्रत्येक पद काही गुणाकारांची बेरीज-वजाबाकी आणि शेवटी एक भागाकार किंवा वर्गमूळ असे निघते. शोलेस्की हाताने फिरवायचे दाक्तिल नावाचे गणनयंत्र वापरत. या यंत्रात गुणाकारांची बेरीज आतल्या आत साठत जाई आणि फक्त अंतिम संख्या कागदावर उतरवावी लागे. त्यामुळे लिहिण्यातल्या चुका घटत आणि मधले दशांश तोडावे लागत नसत. तिसरे, प्रत्येक ओळीच्या बेरजेचा वेगळा रकाना ठेवून हिशेब चालू असतानाच पडताळा घेता येई. १० समीकरणांचा संच पडताळ्यासह चार ते पाच तासांत सुटतो, असे त्यांनी नोंदवले होते.

संख्या लहान राहणे हाही या रीतीचा मोठा गुण आहे. ल च्या कोणत्याही ओळीतील पदांच्या वर्गांची बेरीज मूळ आव्यूहातील त्या ओळीच्या कर्णपदाइतकीच असते. त्यामुळे हिशेबात मध्येच अवाढव्य संख्या उद्भवू शकत नाहीत आणि समीकरणांचा क्रम बदलण्याची गरज पडत नाही.

महायुद्ध आणि मृत्यू

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच शोलेस्की तोफखान्यात परतले. या युद्धात तोफा बहुतेकदा न दिसणाऱ्या लक्ष्यावर डागल्या जात. नेम डोळ्यांऐवजी नकाशावरून धरावा लागे, आणि त्यासाठी तोफ व लक्ष्य या दोहोंचे स्थान अचूक ठाऊक असणे आवश्यक होते. भूमापन आणि तोफखाना या दोन्ही शाखांचे ज्ञान असलेल्या अधिकाऱ्यांची म्हणूनच मोठी गरज होती.

ऑक्टोबर १९१६ मध्ये जनरल बर्थेलो यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच लष्करी पथकाबरोबर शोलेस्की रोमानियात गेले आणि तेथील सैन्याच्या भौगोलिक सेवेचे तांत्रिक संचालक झाले. रोमानियाच्या नकाशांसाठी त्यांनी लांबेर्ट यांच्या शंकू प्रक्षेपणाचा वापर सुरू केला. लांबेर्ट-शोलेस्की या नावाने ओळखले जाणारे हे प्रक्षेपण रोमानियातील १:२०,००० प्रमाणाच्या नकाशांसाठी त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके वापरात राहिले.

फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांची रोमानियातील कामगिरी संपली आणि ते पुन्हा पश्चिम आघाडीवर गेले. ३१ ऑगस्ट १९१८ रोजी पहाटे स्वासॉं शहराच्या उत्तरेस असलेल्या बान्यो येथील एका खाणीत, रणांगणावर झालेल्या जखमांमुळे त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. युद्धविराम होण्यास अवघे अडीच महिने उरले होते.

मरणोत्तर प्रसिद्धी

शोलेस्की यांनी आपली पद्धत भौगोलिक सेवेतील सहकाऱ्यांना शिकवली होती आणि तेथे ती नित्याच्या वापरात होती. पण छापील स्वरूपात तिचा कोठेही उल्लेख नव्हता. १९२४ मध्ये कमांडंट बेन्वा या सहकाऱ्याने भूगणितावरील एका फ्रेंच नियतकालिकात तिची माहिती देणारा लेख लिहिला आणि शीर्षकातच तिचे श्रेय कमांडंट शोलेस्की यांना दिले. हा लेख झाला नसता, तर पद्धत पुढे कोणीतरी पुन्हा शोधली असती, पण तिला शोलेस्की यांचे नाव मिळाले नसते. पोलंडचे खगोलशास्त्रज्ञ तादेउश बानाखिएविच यांनी १९३८ मध्ये स्वतंत्रपणे असेच विघटन मांडले, हे त्याचे उदाहरण आहे.

भूमापकांच्या वर्तुळाबाहेर ही पद्धत पोहोचायला आणखी वीस वर्षे लागली. डेन्मार्कच्या हेन्री जेन्सन यांनी १९४४ मध्ये तिचा परामर्श घेतला. त्या आधारे जॉन टॉड यांनी १९४६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात ती शिकवली. १९४८ मध्ये फॉक्स, हस्की आणि विल्किन्सन यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील कामावर लिहिलेल्या लेखात तिचा समावेश केला. त्याच वर्षी ॲलन ट्युरिंग यांनी आव्यूहांच्या गणनेतील दशांश तोडण्याच्या चुकांवर आपला प्रसिद्ध लेख लिहिला. पुढे विल्किन्सन यांच्या विश्लेषणाने या पद्धतीचे स्थैर्य सिद्ध झाले आणि इलेक्ट्रॉनिक संगणकावर ती एक मूलभूत साधन बनली.

शोलेस्की यांच्या कुटुंबीयांनी त्यांची कागदपत्रे एकोल पोलितेक्निकच्या अभिलेखागारात दिली. तेथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात २ डिसेंबर १९१० ही तारीख असलेले त्यांचे स्वहस्ते लिहिलेले टिपण उजेडात आले. क्लोद ब्रेझिन्स्की यांनी ते प्रसिद्ध केले. पद्धत शोलेस्की यांचीच होती आणि तिचे गुण त्यांना पूर्ण उमगले होते, हे त्यावरून निर्विवाद ठरले. ब्रेझिन्स्की आणि दोमिनिक तुर्नेस यांनी लिहिलेले शोलेस्की यांच्या जीवनकार्यावरील पुस्तक २०१४ मध्ये प्रकाशित झाले.

संमिश्र आव्यूहांसाठी विस्तार

शोलेस्की यांच्या हिशेबात फक्त वास्तव संख्या होत्या. संमिश्र संख्यांच्या आव्यूहांपर्यंत ही पद्धत नंतरच्या गणितज्ञांनी नेली. तेथे सममित आव्यूहाची जागा हर्मिशियन आव्यूह घेतो. फ्रेंच गणितज्ञ शार्ल एर्मीत यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या आव्यूहात कर्णापलीकडची पदे एकमेकांची अनुबद्ध असतात, म्हणजे त्यांच्या काल्पनिक भागांची चिन्हे विरुद्ध असतात, आणि कर्णावरची पदे वास्तव असतात. दुसरा अवयव नुसता परिवर्त नसून अनुबद्ध परिवर्त असतो.

−१ च्या वर्गमुळाला इ म्हटले आणि आव्यूहाच्या ओळी (४, २ + २इ) आणि (२ − २इ, ११) अशा घेतल्या, तर पहिले कर्णपद २, त्याखालचे पद १ − इ आणि दुसरे कर्णपद √(११ − २) = ३ येते. येथे वजा केलेले २ हे १ − इ आणि तिची अनुबद्ध संख्या १ + इ यांच्या गुणाकारातून येतात. अनुबद्ध न घेता नुसता वर्ग केला तर −२इ मिळते, कर्णपद संमिश्र होते आणि मिळणारे विघटन मूळ आव्यूहाचे उरत नाही. संगणकीय आज्ञावलीत परिवर्त आणि अनुबद्ध परिवर्त यांची गल्लत ही म्हणूनच नेहमीची चूक आहे. अनेक आज्ञावल्या आव्यूहाचा एकच त्रिकोण वाचतात, त्यामुळे दिलेला आव्यूह हर्मिशियन नसला तरी त्या कोणतीही सूचना न देता उत्तर देऊ शकतात.

जे संमिश्र आव्यूह सममित असतात पण हर्मिशियन नसतात, त्यांच्यासाठी ही पद्धत भरवशाची नाही. प्रत्यावर्ती विद्युत मंडलांच्या अभ्यासात असे आव्यूह येतात. (१, इ) आणि (इ, −१) या ओळींच्या आव्यूहात दुसरे कर्णपद शून्य येते, कारण संमिश्र संख्यांच्या वर्गांची बेरीज कोणतीही मर्यादा पाळत नाही. अशा वेळी ओळी व स्तंभांचा क्रम बदलणाऱ्या वेगळ्या रीती वापराव्या लागतात.

न अज्ञातांच्या वास्तव आव्यूहासाठी शोलेस्की विघटनात सुमारे न³ ÷ ३ अंकगणिती क्रिया लागतात. सर्वसाधारण निरसन पद्धतीला याच्या दुप्पट लागतात. १,००० अज्ञातांसाठी हा आकडा सुमारे ३३ कोटी होतो. संमिश्र संख्यांचा एक गुणाकार आणि एक बेरीज मिळून आठ वास्तव क्रिया होत असल्याने संमिश्र आव्यूहासाठी तो चौपट, म्हणजे सुमारे १३३ कोटी होतो. १९७९ मधील लिनपॅक आणि १९९२ मधील लॅपॅक या आज्ञावली-संग्रहांत वास्तव आणि संमिश्र आव्यूहांसाठी या विघटनाच्या स्वतंत्र आज्ञावल्या देण्यात आल्या.

वारसा

आज संरचना अभियांत्रिकीतील सांगाड्यांचे विश्लेषण, हवामानाचे अंदाज, सांख्यिकीतील परस्परसंबंधित यादृच्छिक संख्यांची निर्मिती आणि रडार व बिनतारी संदेशवहनातील संमिश्र संकेतांची प्रक्रिया अशा अनेक ठिकाणी शोलेस्की विघटन वापरले जाते. आव्यूह धन-निश्चित आहे की नाही हे तपासण्याचा सोपा मार्गही तोच आहे: विघटन करताना एखाद्या कर्णपदासाठी ऋण संख्येचे किंवा शून्याचे वर्गमूळ काढण्याची वेळ आली, तर आव्यूह धन-निश्चित नसतो.

पद्धतीला मर्यादाही आहेत. लघुतम वर्गांच्या प्रश्नात सामान्य समीकरणे तयार करतानाच काही अचूकता गमावली जाऊ शकते. त्यामुळे नाजूक प्रश्नांत हाउसहोल्डर यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या परावर्तनांवर आधारलेले विघटन पसंत केले जाते. मात्र आव्यूह हर्मिशियन आणि धन-निश्चित असेल, तेथे शोलेस्की यांनी गणनयंत्रासाठी बसवलेली रीतच अजूनही पहिली निवड असते.